पेटीवरचा रंग, पाटीवरची अक्षरं आणि वेबसाइट

वेबसाइट तयार आहे, पैसे देऊन झाले, पण ती आपल्या धंद्याची वाटत नाही, अशी तक्रार या खेपेच्या बहुतेक पत्रांत आहे. पत्रं वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतची आहेत. बहुतेकांची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, म्हणून उत्तरं तीच धरून दिली आहेत. शॉपिफाय किंवा विक्सवर मेन्यूंची नावं वेगळी असतील, काम तेच.

प्रश्न : आमची हापूसची पेटी वर्षानुवर्षं केशरी-हिरवी छापली जाते. मुलाने पेटीचा फोटो काढून त्यावरून रंग उचलला आणि वेबसाइटला लावला. आता सगळं पान काविळीसारखं पिवळं दिसतं आणि ‘ऑर्डर करा’ हे बटण वाचता येत नाही, असं गिऱ्हाईक सांगतं. रंगच बदलावा का?
— आंबा बागायतदार, देवगड

रंग अजिबात बदलू नका. मुंबईतला चाकरमानी तुमची पेटी नाव वाचायच्या आधी रंगावरून ओळखतो. बिघडलं आहे ते रंग कुठून उचलला आणि किती वापरला, यात.

पुठ्ठा शाई पितो, त्यामुळे छापलेला केशरी मूळ रंगापेक्षा मातकट उतरतो. त्याचा फोटो उन्हात काढला तर तो पिवळ्याकडे झुकतो, ट्यूबलाइटखाली काढला तर हिरवट होतो. म्हणून फोटो सोडा आणि छापखान्यातून पेटीची मूळ फाइल मागा. बहुधा ती कोरल ड्रॉमध्ये असेल. त्यात रंग चार शायांच्या टक्क्यांत लिहिलेले असतात : सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. पडद्याला मात्र लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. हे रूपांतर त्याच सॉफ्टवेअरमध्ये करून घ्या आणि आकडे कागदावर लिहून ठेवा. अंदाज यावा म्हणून सांगतो : पिकल्या सालीजवळचा केशरी म्हणजे लाल २४५, हिरवा १६६, निळा ३५. आंब्याच्या जून पानाचा हिरवा म्हणजे २७, ६७, ५०. आता पेटी हातात धरून दोन वेगळ्या फोनांवर पाहा. रंग तंतोतंत जुळणार नाही, कारण दोन फोनही एकमेकांशी जुळत नाहीत. पेटी आणि पान एकाच घरचे वाटले की पुरे.

बटण वाचता येत नाही त्याचं कारण मोजता येतं. अक्षर आणि त्यामागची जमीन यांच्या उजेडातल्या फरकासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षराला, म्हणजे २४ पिक्सेल किंवा ठळक असेल तर साधारण १९ पिक्सेलपासून पुढे, ३ : १ फरक लागतो. वरच्या केशरीवर पांढरी अक्षरं घातली तर फरक जेमतेम २ : १ भरतो. त्याच केशरीवर तो गडद हिरवा घातला तर साडेपाचच्या आसपास जातो, आणि गडद हिरव्यावर पांढरं घातलं तर ११ च्या. तेव्हा केशरी बटणावर हिरवी अक्षरं ठेवा. पांढरीच हवी असतील तर बटण हिरवं करा. फरक मोजणारी फुकट साधनं इंटरनेटवर भरपूर आहेत, दोन रंगांचे आकडे टाकले की उत्तर मिळतं.

आता किती वापरायचा ते. पेटीवर केशरी भरभरून चालतो, कारण ती इतर पेट्यांच्या थप्पीत उठून दिसायला हवी. वेबसाइटच्या पानावर शेजारी दुसरी पेटी नसते. जमीन जवळजवळ पांढरी ठेवा, २५५, २५०, २४० सारखी किंचित सायीच्या रंगाची. मजकूर ३३, ३३, ३३ इतका काळा. वरची पट्टी, तळाची पट्टी आणि मथळे हिरवे. केशरी फक्त बटणाला आणि किमतीला. एका पडद्यावर पाच गोष्टी केशरी झाल्या की गिऱ्हाइकाला कुठे दाबायचं ते कळत नाही.

हे रंग एकेका बटणावर जाऊन लावू नका. वेबसाइटच्या तयार साच्याला थीम म्हणतात. नव्या ब्लॉक थीममध्ये ‘अपिअरन्स’, ‘एडिटर’, ‘स्टाइल्स’, ‘कलर्स’ या वाटेने पॅलेट सापडतं. जुन्या थीममध्ये ते ‘कस्टमाइझ’खाली असतं आणि एलिमेंटॉर हे पान जुळवायचं साधन वापरत असाल तर ‘साइट सेटिंग्ज’मधल्या ‘ग्लोबल कलर्स’मध्ये. तिथे एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. तरीही काही कोपऱ्यांत थीमचा मूळ रंग दडून राहतो : मजकुरातल्या लिंका, फॉर्मच्या चौकटीची कड, ‘सेल’चा बिल्ला, कार्टमधली बटणं. वर्डप्रेसवर दुकान चालवणारं वूकॉमर्स असेल तर एक खोटी ऑर्डर टाकून शेवटपर्यंत जा. ऑर्डरनंतर जाणाऱ्या ईमेलचा रंग आणि लोगो वूकॉमर्सच्या ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ईमेल्स’मध्ये वेगळा ठरवावा लागतो. तो बहुतेक जण विसरतात, आणि हिरव्या-केशरी दुकानातून जांभळी पावती जाते.

प्रश्न : आमच्या मसाल्यांचा आणि कोकम आगळाचा लोगो वेबसाइटवर पांढऱ्या चौकोनात दिसतो, शिवाय फुटतो. डिझायनरने व्हॉट्सॲपवर पाठवलेलाच लावला आहे.
— गृहोद्योग, मालवण

दोन्ही दुखणी फाइलची आहेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं आणि जेपीजी होतं. जेपीजीला पारदर्शक जमीन ठाऊकच नाही, म्हणून तो चौकोन. डिझायनरला सांगा की फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवा, आणि तीन प्रकारांत द्या : मूळ संपादन करता येईल अशी, एसव्हीजी, आणि पारदर्शक जमिनीची पीएनजी. एसव्हीजी काढण्याआधी लोगोतली अक्षरं ‘कर्व्ह’मध्ये बदलायला सांगा. तसं केलं नाही तर ज्या फोनवर तो फॉन्ट नाही तिथे तुमचं नाव भलत्याच अक्षरात उमटेल.

एसव्हीजी कितीही मोठी केली तरी फुटत नाही, पण वर्डप्रेस सुरक्षेपोटी ती आपणहून स्वीकारत नाही, त्यासाठी प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लागतं. त्या भानगडीत पडायचं नसेल तर पीएनजी लावा. पानावर लोगो १८० पिक्सेल रुंद दिसणार असेल तर फाइल ३६० ते ५४० पिक्सेल रुंद हवी, कारण आताच्या फोनांचे पडदे दुप्पट-तिप्पट दाट असतात.

खरी अडचण याच्या पुढे आहे. फोनवर वरच्या पट्टीत लोगोला जेमतेम ४० ते ५० पिक्सेल उंची मिळते. तेवढ्यात शिडाचं गलबत, माड, नाव आणि खाली ‘अस्सल मालवणी चव’ ही ओळ, असं सगळं बसवलं तर गलबताचा ठिपका होतो. बाटलीवरचा लोगो बाटलीवर तसाच राहू द्या. वेबसाइटसाठी त्याचीच दोन लहान भावंडं करून घ्या : एक आडवं, ज्यात चिन्ह आणि नाव एवढंच, आणि एक चौकोनी, नुसतं चिन्ह. चौकोनी ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं काढलंत की वर्डप्रेसचा ‘साइट आयकॉन’ म्हणून चालेल. तेच व्हॉट्सॲप बिझनेसच्या गोल चित्रातही बसेल, फक्त चारी कोपरे कापले जाणार हे धरून कडेला मोकळी जागा सोडा.

कोकमाचा गडद तांबडा, म्हणजे १२३, ३०, ५८ च्या जवळपासचा, वेबसाइटसाठी फार सोयीचा रंग आहे. त्यावर पांढरं अक्षर १० : १ ने वाचता येतं, बटण, पट्टी, मथळा कुठेही चालतं. आंबेवाल्यांच्या नशिबी हे सुख नाही.

प्रश्न : माहितीपत्रकातला मजकूर वेबसाइटवर चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो पुन्हा टाइप केला, तर मथळ्यांतली अक्षरं सुटी सुटी होतात आणि वरच्या मात्रा कापल्या जातात. दोन फोनांवर दोन वेगळी अक्षरं दिसतात ती निराळीच. मराठीत वेबसाइट करूच नये का?
— घरगुती निवासव्यवस्था, गुहागर

करावी. तुम्ही लिहिलेली चारही दुखणी वेगवेगळी आहेत आणि चारही बरी होतात.

पहिलं, कचऱ्याचं. माहितीपत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं असणार. त्यात संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा निघाला की खालचं इंग्रजी दिसतं. वेबसाइटला युनिकोड मराठी लागते, म्हणजे जिच्यात संगणकाच्या लेखीही अक्षर मराठीच असतं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार, ‘ऱ्या’ आणि काही जोडाक्षरं त्यात हमखास बिघडतात. चार पानांचा मजकूर असेल तर पुन्हा टाइप केलेला बरा, जसा तुम्ही केलात. काही जण मजकुराचं चित्र करून चिकटवतात. ते करू नका, गूगलच्या शोधाला ते वाचणं जड जातं आणि फोनवर अक्षर मुंगीएवढं होतं.

दुसरं, सुटी अक्षरं. बहुतेक थीम इंग्रजी कॅपिटल अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनतात. मथळे आणि बटणं ऐटबाज दिसावीत म्हणून त्यात दोन अक्षरांमध्ये एक-दोन पिक्सेल जागा सोडलेली असते. इंग्रजीत ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ‘टायपोग्राफी’खाली ‘लेटर स्पेसिंग’ शोधा आणि मथळे, मेन्यू, बटणं या तिन्ही ठिकाणी शून्य करा. मेन्यू हमखास राहतो. त्याच भागात मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवलेला असेल तर तोही डावीकडे लावा. अरुंद फोनवर लांब मराठी शब्दांमुळे ओळीत भगदाडं पडतात.

तिसरं, कापलेल्या मात्रा. इंग्रजी मथळ्याला ओळीची उंची अक्षराच्या १.१ ते १.२ पट पुरते. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. मथळ्यांना १.४ ते १.५ आणि मजकुराला १.६ ते १.७५ पट द्या. एवढं करूनही बटणात कापलं जात असेल तर बटणाची वरची-खालची आतली जागा वाढवा. मजकुराचा आकार १७ किंवा १८ पिक्सेल ठेवा, कारण त्याच आकड्याला देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसतं.

चौथं दुखणं सगळ्यांत जास्त आढळतं. थीममध्ये निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. मग प्रत्येक फोन स्वतःच्या पोतडीतलं अक्षर काढून लावतो. यावर उपाय म्हणजे देवनागरी असलेला फॉन्ट नावानिशी निवडणं. गूगल फॉन्ट्सवर असे पुष्कळ आहेत आणि फुकट आहेत. मजकुरासाठी मुक्ता, हिंद किंवा नोटो सान्स देवनागरी हे बिनधोक. मुक्तात बारीक ते जाड अशी बरीच वजनं मिळतात. बालू २ गोलसर आणि मोकळं आहे, खाऊ-पिऊच्या धंद्याला शोभतं. टिरो देवनागरी मराठी छापील पुस्तकाच्या वळणाचं आहे, जुन्या कौलारू घरातल्या निवासाला छान बसेल, पण त्यात ठळक वजन नाही. जबरदस्तीने ठळक केलंत तर ब्राउझर अक्षर ओढूनताणून जाड करतो आणि जोडाक्षरांच्या पोटातल्या जागा बुजतात. मुंबईच्या लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेलं यात्रा वन मथळ्यात मजा आणतं, परिच्छेदात डोळे शिणवतं.

दोन फॉन्ट पुरेत, एक मथळ्याला आणि एक मजकुराला. शक्य असेल तर एकच फॉन्ट दोन वजनांत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, आणि पाच वजनं लादली तर घाटात अडकलेल्या पाहुण्याच्या फोनवर पान उघडायला वेळ लागतो.

निवड पक्की करण्याआधी एक ओळ टाइप करून पाहा : ‘हर्णै, शृंगारतळी, वेंगुर्ले, सावर्डे, दुसऱ्या, ॲप, ऑर्डर’. रफार आणि दोन मात्रा एकाच ‘ण’वर, ‘शृ’, रफारावर मात्रा, ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ असं सगळं त्यात येतं. कुठे चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर तो फॉन्ट बाद. शिवाय ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’मध्ये साइटची भाषा मराठी करा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आणि हिंदी वळणाचे असे दोन्ही भरलेले असतात, त्यात कुठले दाखवायचे ते या सेटिंगवरून ठरतं. गिऱ्हाईक यावरून भांडायला येणार नाही, पण आपल्या गावच्या पाटीवर जो ‘ल’ आहे तोच पानावर असावा असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : वेबसाइटवाला म्हणतो की आमच्या खेळण्यांना शोभेल असं डिझाइन हवं असेल तर सगळं नव्याने करावं लागेल. खरं आहे का?
— लाकडी खेळण्यांचं दुकान, चितारआळी, सावंतवाडी

लहान दुकानाला याची गरज सहसा पडत नाही. चांगली, नियमित अपडेट होणारी फुकट थीम घ्या आणि तिच्यावर रंग, अक्षर, कोपरे, कडा आणि मोकळी जागा एवढंच बदला. तुमचा माल आधीच लाल-पिवळा-हिरवा चकचकीत आहे. पानही रंगीत केलंत तर खेळणं त्यात हरवेल. जमीन पांढरी, मजकूर गडद, आणि रंग फक्त खेळण्यांच्या फोटोंतून येऊ द्या. लाकडी फळांचा गोलपणा बटणांच्या आणि चौकटींच्या कोपऱ्यांत आणा, १२ ते १६ पिक्सेलची गोलाई पुरते. सावंतवाडीचा गंजिफा गोल असतो आणि कडेला नक्षी असते. त्या नक्षीचा एक तुकडा एसव्हीजीत काढून घ्या आणि तळाच्या पट्टीच्या वर एकदाच ओढा. मजकुराच्या मागे नक्षी कधीच नको.

वेबसाइटवाल्याकडून मात्र काही गोष्टी लेखी घ्या. डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर नोंदलेलं असावं. होस्टिंगचा आणि ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे असावा. थीमच्या मूळ फाइलींत हात घालायचा नाही, बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला जोडलेल्या वेगळ्या थीममध्ये, किंवा ‘ॲडिशनल सीएसएस’ या रंगरूपाचे नियम लिहायच्या जागेत करायचे. मूळ फाइलींत केलेले बदल थीमच्या पुढच्या अपडेटला पुसले जातात. मग एके सकाळी दुकान पुन्हा निळं दिसतं आणि ‘व्हायरस आला’ म्हणून धावपळ होते. बदलाआधी बॅकअप. आणि महागडी थीम कुणी फुकटात टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. अशा चोरीच्या थीममधून खरोखरचा व्हायरस येतो.

प्रश्न : थीमबरोबर आलेले समुद्राचे फोटो सुंदर आहेत, तेच ठेवलेत. पाच फोटोंचा स्लायडरही आहे. पण पान फार हळू उघडतं.
— निवास-न्याहारी केंद्र, तारकर्ली

ते फोटो काढा. त्यातला समुद्र तारकर्लीचा नाही हे कोकणात एकदा येऊन गेलेल्या माणसाला लगेच कळतं, आणि मग त्याचा खोल्यांच्या फोटोंवरचा विश्वासही उडतो. निळाई वाढवणारे फिल्टरही त्याच कारणाने टाळा. पाहुणा समोरच्या पाण्याशी ताडून बघणारच.

स्लायडरमध्ये बहुतेक लोक पहिला फोटो पाहतात आणि खाली सरकतात. उरलेले चार नुसते ओझं होतात. एकच फोटो ठेवा : १६०० पिक्सेल रुंद, वेबपी प्रकारात, २०० केबीच्या आत. फोनसाठी त्याचाच उभा कापलेला, ८०० बाय १००० चा, वेगळा द्या. आडवा फोटो फोनवर दोन्ही बाजूंनी कापला जातो आणि मधोमध नुसतं आभाळ उरतं. पानावरची सगळ्यांत मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी, हा गूगलचा चांगल्या पानाचा निकष आहे. तुमच्याकडे ती मोठी गोष्ट म्हणजे हाच फोटो. त्याला ‘लेझी लोड’, म्हणजे तिथवर सरकल्यावरच फोटो उतरवणं, लावू नका, तो नियम खालच्या फोटोंना लावा. फोटोवर नाव लिहायचं असेल तर फोटो आणि अक्षरं यांच्यामध्ये ४० ते ५० टक्के काळा थर टाका, नाहीतर पांढऱ्या वाळूवर पांढरी अक्षरं विरघळतील.

फोटो सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर काढा. भर दुपारी वाळू पांढरीफटक येते आणि माडांखाली काळोख. सगळे ४:३ मध्ये कापा, म्हणजे खोली, अंगण, न्याहारी, किनारा अशा रांगा सरळ दिसतात. रंग शोधायला दूर जायचं कारण नाही. जांभ्या चिऱ्याची भिंत असेल तर तिचा तांबूस मथळ्यांना आणि बटणांना घ्या, जमीन फिकी वाळूच्या रंगाची. फोटो आणि पान आपोआप जुळतात.

व्हॉट्सॲपचं गोल बटण हिरवंच राहू द्या. ब्रँडच्या रंगात रंगवलं तर लोक ते ओळखत नाहीत. फक्त ते फोनवर ‘बुकिंग’च्या बटणावर चढून बसलं नाही ना, ते पाहा.

प्रश्न : गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं आणि काही परदेशातलं. काजूची वेबसाइट मराठीत करावी की इंग्रजीत?
— काजू प्रक्रिया उद्योग, वेंगुर्ला

दोन्हीत, पण एकाच पानावर खिचडी नको. दोन भाषांची दोन पानं आणि वर भाषा बदलायची सोय. मालाचं नाव आणि वजन दोन्हीकडे सारखं लिहा. ग्रेडचं व्यापारी नाव एकट्याने टाकू नका. ‘डब्ल्यू ३२०’ म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे गर, हे घरगुती गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय कळत नाही. बटणावर ‘सबमिट’ऐवजी ‘ऑर्डर पाठवा’ असं दुकानात बोलता तसं लिहा.

प्रश्न : जीआय मिळालेला हापूस विकतो. ते चिन्ह आमच्या लोगोशेजारी कायमचं लावलं तर चालेल?
— आंबा विक्रेते, रत्नागिरी

हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, नोंदणी २०१८ मध्ये मिळाली. ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी आहे. पण जिल्ह्यात बाग आहे म्हणून चिन्ह आपोआप वापरता येत नाही. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून तुमची स्वतःची नोंदणी हवी. ती असेल तर चिन्ह हापूसच्या पानावर, किमतीजवळ लावा आणि नोंदणी क्रमांक खाली द्या. लोगोशेजारी लावलंत तर तुमच्या लोणच्याला आणि फणसपोळीलाही ते मिळालं आहे असा अर्थ होतो. तळाच्या पट्टीत व्यवसायाचं नाव, पूर्ण पत्ता, फोन आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ अंकी क्रमांक हवाच. तिथलं अक्षर फिकट राखाडी करून लपवू नका, वरचा ४.५ : १ चा नियम त्यालाही लागू आहे.

प्रश्न : आमचा लोगो काळ्या अक्षरांचा आहे. काही गिऱ्हाइकांना वेबसाइटवर लोगोच दिसत नाही, आमच्या फोनवर मात्र नीट दिसतो.
— घरगुती खानावळ, दापोली

त्यांच्या फोनवर ‘डार्क मोड’ चालू असणार. काही ब्राउझर पांढरं पान स्वतःच काळं करतात. पारदर्शक जमिनीवरचा काळा लोगो मग काळ्यात बुडतो. दोन उपाय आहेत. लोगोच्या अक्षरांना दोन-तीन पिक्सेलची पांढरी कड देऊन नवी पीएनजी काढा, उजेडात ती दिसत नाही आणि अंधारात अक्षर उचलून धरते. किंवा वेबसाइटवाल्याला सांगून पानाच्या सीएसएसमध्ये ‘कलर स्कीम’ची किंमत ‘ओन्ली लाइट’ करून घ्या. क्रोम ती मानतं, सगळे ब्राउझर मानतीलच असं नाही, म्हणून आम्ही पांढऱ्या कडेचा उपाय आधी करू. स्वतःच्या फोनवर डार्क मोड लावून मेन्यूकार्डही तपासा. थाळ्यांचे दर काळ्या अक्षरांत लिहून चित्र म्हणून चढवले असतील आणि त्या चित्राची जमीन पारदर्शक असेल, तर तेही असेच गायब होत असतील.